पाणी सारखं वरखाली होत असताना नदीत अंड्यावर आलेले क्रॅपी कुठे शोधायचे?

अलाबामातल्या डिकेटरजवळ टेनेसी नदीत मागच्या शनिवारी एका झुडपाशी तुम्हाला भरपूर क्रॅपी (अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा) मिळाले, या शनिवारी तिथे एकही नाही, आणि मधल्या आठवड्यात पाणी दीड फूट उतरलं, असं तुम्ही लिहिलंय. मी हंट्सव्हिलला राहतो आणि दर वसंतात याच पाण्यावर गळ टाकतो. तुमचे मासे फार लांब गेलेले नसणार.

आधी एक गोष्ट मनातून काढा. आपण कोकणातली माणसं चढणीचे मासे बघत मोठी झालो. पहिला पाऊस पडला, वहाळाला लोंढा आला की मासा धारेवर चढतो. इथे आल्यावर पहिल्या वसंतात मीही रात्रभर पाऊस पडला की ओढ्याच्या जोरदार धारेत उभा राहायचो आणि रिकाम्या हाताने परतायचो. क्रॅपीचं नेमकं उलट आहे. त्याला अंडी घालायला धार नकोच असते. तो मुख्य नदी सोडून फुगवट्याच्या शांत पाण्यात, ओढ्यांच्या खाचांत शिरतो. फ्लिंट क्रीक, लाइमस्टोन क्रीक ही अशीच ठिकाणं.

पाणी साधारण ६० ते ६८ अंश फॅरनहाइट झालं की नर तळ साफ करून खळगा करतो. मादी गाभोळी सोडून खोल पाण्याकडे परतते. नर मात्र अंडी फुटेपर्यंत, म्हणजे दोन ते पाच दिवस, आणि पिल्लं खळगा सोडून जाईपर्यंत पहारा देतो. अंगावर काळपट झाक चढलेला मासा लागला तर तो हा राखणदार समजा. खळगा किती खोलीवर असेल ते पाण्याच्या गढूळपणावर ठरतं. गढूळ पाण्यात एक ते तीन फूट, स्वच्छ पाण्यात सहा-आठ फूटही.

आता तुमचा प्रश्न. खळगा जागचा हलत नाही, पाणी हलतं. तुमच्या झुडपाशी मागच्या शनिवारी दोन फूट पाणी असेल तर आता अर्धा फूटच उरलंय. तिथे मासा थांबत नाही. तो मागे सरकून पहिल्या उतारावर, ओढ्याच्या बुडालेल्या जुन्या पात्राच्या कडेला, तिथल्या एखाद्या खोडाशी थांबतो. म्हणून झुडपाकडे तोंड करून उभे असाल तर पाठीमागे वळा आणि चार-पाच फूट खोलीपासून सुरुवात करा. पाणी चढत असेल तर याच्या उलट. नव्याने येणारे मासे नुकत्याच बुडालेल्या विलोच्या झुडपांत (आपल्या वाळुंजाचीच ही भावंडं) अगदी आत घुसतात. काठावर उभं राहणाऱ्याला यासारखी संधी नाही. पण पूर थंड आणि लाल मातीचा असेल तर सगळंच दोन-चार दिवस लांबतं. अशा वेळी उत्तरेकडच्या काठाची, वाऱ्याच्या आडोशाची खाच बघा. दिवसभर ऊन लागून ती लवकर तापते.

पाणी चढतंय की उतरतंय हे पोचल्याबरोबर ओळखा. खोडांवर पाण्याच्या वर ओली रेघ आणि काठाला ओला चिखल दिसला तर उतरतंय. कोरडं खोड आणि पाण्याखाली हिरवं गवत दिसलं तर चढतंय. मी काठाला एक काटकी रोवून खूण करतो आणि तासाभराने बघतो. घरून निघण्याआधी टीव्हीएच्या (या नदीवरची धरणं चालवणारी सरकारी संस्था) ॲपवर पातळी आणि धरणातून किती पाणी सोडताहेत तेही बघा. हिवाळ्यात उतरवलेलं व्हीलर जलाशयाचं (डिकेटरचं पाणी याचंच) पाणी वसंतात भरत भरत समुद्रसपाटीपासून ५५६ फुटांपर्यंत नेतात, म्हणून इथे घोळ जास्त. पाच फूट खोलीवर पाणी ६५ अंशांवर पोचलं की माशांच्या विणीसाठी साधारण दोन आठवडे जलाशयांची पातळी शक्य तितकी स्थिर ठेवायचा टीव्हीएचा प्रयत्न असतो. पण मोठा पाऊस झाला तर पूर आवरणं आधी. फारच वैतागलात तर नदीवरच्या वरच्या अंगाच्या गंटर्सव्हिल जलाशयाला जा. तिथली पातळी वर्षभरात दोनेक फुटांतच खेळते.

क्रॅपी वर बघून खातो, त्यामुळे आमिष त्याच्या थोडं वरच ठेवा. एक सोळांश औंसाचं जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) फ्लोटखाली, म्हणजे तरंगत्या बोंड्याखाली, बांधा आणि खोली बदलेल तशी फ्लोट सरकवत जा. हिसका देऊ नका, त्याचा ओठ कागदासारखा फाटतो.

अलाबामात नऊ इंचांखालचा क्रॅपी ठेवता येत नाही आणि दिवसाला तीसची मर्यादा आहे. मी स्वतः पाणी उतरत असताना मिळालेला काळा नर सोडून देतो. त्याच्या खळग्यावर अजून फूटभर पाणी असेल तर तो परत जाऊन बसू शकतो, आणि तो नसला की छोटे सनफिश ती अंडी फस्त करतात.