गॅलापागोसला शार्कबरोबर डायव्हिंग करायला किती अनुभव लागतो? शार्कचा धोका असतो का?

मी गेले तेव्हा माझ्या ६४ डाइव्ह झाल्या होत्या आणि त्या कमी पडल्या. एवढ्यावर भागत असेल तर पुढे वाचू नका, कारण पुढे मी भांडणार आहे.

बोटवाले साधारण ५० ते १०० डाइव्हची अट घालतात. त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. संथ, कोमट पाण्यातल्या दोनशे डाइव्हपेक्षा प्रवाहातल्या वीस बऱ्या. डार्विन आणि वुल्फ ही बेटं द्वीपसमूहाच्या पार उत्तरेला आहेत. तिथे वस्ती नाही, मुक्काम जहाजावरच, आणि मुख्य बेटांवरून तिथे पोचायला सगळी रात्र जाते. काही झालंच तर परत यायलाही तेवढाच वेळ, हे लक्षात ठेवा.

आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये गेलो होतो, मी आणि माझा मामेभाऊ. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्याच्या तीनशेच्या वर डाइव्ह, आणि हातात घर घेता येईल एवढ्या किमतीचा कॅमेरा. डार्विनजवळची समुद्रातली ती प्रसिद्ध दगडी कमान मे २०२१ मध्ये कोसळली. आता दोन खांब उरलेत, डाइव्ह त्यांच्याच पायथ्याशी. पांग्यातून (जहाजावरच्या छोट्या बोटीतून) उलटं पडायचं ते बीसीडीतली, म्हणजे तरंगायच्या जॅकेटातली, हवा आधीच काढून, थेट खाली. वर रेंगाळलात तर प्रवाह तुम्हाला खांबांच्या पलीकडे नेऊन सोडतो. वीसेक मीटरवर खडक धरायचा आणि लटकायचं. खडकावर बार्नॅकल्सचा, म्हणजे धारदार कवचाच्या चिकटलेल्या जीवांचा, थर असतो, माझ्या हातमोज्याची दोन बोटं पहिल्याच दिवशी फाटली. शेजारच्या कपारीतून एक मोरे ईल (सापासारखा मासा) तोंड उघडमीट करत माझ्या कोपराकडे बघत होती. तिला माझी काही पडलेली नव्हती.

आणि मग हॅमरहेड आले, हातोड्यासारख्या डोक्याचे शार्क. आधी एक, मग डोक्यावरून अख्खी रांग. त्यांच्या अंगावरचे परजीवी खायला छोटे मासे सरसावतात, तेव्हा ते जरा कलंडून संथ होतात. तेव्हा त्यांचा डोळा दिसतो, हातोड्याच्या अगदी टोकाला. कोणी जोरात बुडबुडे सोडले की रांग लगेच लांब सरकते. तुम्ही त्यांना घाबरता का, असं विचारताय ना? उलट आहे.

धोका मला होता तो हवेचा. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला टँकमधली हवाही तिप्पट जाते. त्यात प्रवाहाविरुद्ध घट्ट धरून ठेवायचं आणि थंडी. सात मिलीमीटरच्या सूटमध्येही मी कुडकुडत होते. आदल्या रात्री ठरलं होतं: दोघांपैकी ज्याच्या टँकच्या दाबाचा काटा आधी ७० बारला येईल, त्याच्याबरोबर दोघांनी वर जायचं. माझा आला. मी खूण केली. दादाने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. मी परत खूण केली. त्याने तळवा दाखवला: थांब.

मी खडक सोडला. मग तो आला, पण कसा, ते विचारू नका. वर येण्याआधीचा पाच मीटरवरचा सुरक्षेचा थांबा आम्ही खडकापासून दूर, सगळीकडे निळंच निळं अशा ठिकाणी घेतला. वर आलो तर लाटांच्या मधल्या खोलगटात काहीच दिसत नव्हतं, ना पांगा ना बेट. नारंगी एसएमबी (बोटीला दिसावी म्हणून फुगवायची लांब नळी) उभी करून शिट्ट्या मारत बसलो. अकरा मिनिटांनी पांगा आला, आणि त्यातल्या लोकांनी सांगितलं की आम्ही निघालो आणि दोनच मिनिटांत व्हेल शार्क आला. प्रचंड मादी, पोट टरटरलेलं. (जून ते नोव्हेंबर तिथे अशाच माद्या दिसतात.)

तेव्हापासून दादाचं एकच पालुपद: "हिच्यामुळे हुकला."

म्हणून माझा सल्ला असा, आणि तो मी कोणालाही देते: कॅमेरेवाला बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, घेऊ नका. अनुभवी असेल तर मुळीच नको. त्याचं अर्धं लक्ष लेन्समध्ये असतं आणि उरलेलं स्वतःच्या अनुभवात. डाइव्ह सगळ्यात कमी हवा असलेल्याची असते, सगळ्यात जास्त डाइव्ह केलेल्याची नाही. मिळालाच तर नीट बडी म्हणजे जो दर पाच मिनिटांनी स्वतःहून तुमचा काटा विचारतो. कंटाळवाणा माणूस. तोच घ्या.

शार्कचं राहिलंच. शार्क निरुपद्रवी आहेत असं मी म्हणत नाही. २०१७ मध्ये कोस्टा रिकाच्या कोकोस बेटाजवळ टायगर शार्कच्या हल्ल्यात एका पर्यटक डायव्हरचा जीव गेला. गाइड सांगेल तेव्हा गटात राहा, हात पसरू नका, कशालाही शिवू नका. पण त्याच वर्षी गॅलापागोसच्या राखीव समुद्रात एक चिनी जहाज पकडलं गेलं आणि त्याच्या गोदामात सहा हजारांहून जास्त शार्क निघाले. हॅमरहेडसुद्धा. कोणी कोणाला घाबरायचं ते बघा.

फर्नांडिनाला समुद्री इग्वाना पाण्याखाली शेवाळ खाताना दिसतात, ते चुकवू नका. पाणी मात्र तिथे आणखी थंड. एसएमबी स्वतःची न्या आणि ती पाण्याखालून सोडायचा सराव आधी करा, मी तिथे जाऊन शिकले.

आणि दादा, तू हे वाचणारच. माझ्या डाइव्ह कॉम्प्युटरने टँकचा दाबही नोंदवला होता. तू म्हणतोस, मी १२० बारलाच घाबरले. पहिल्या खुणेला ६९, दुसरीला ६४, खडक सोडला तेव्हा ५८. आलेख पाठवू का?