गटात बसण्याआधी

गटाने कोडी सोडवायच्या संशोधन-प्रयोगाला पहिल्यांदाच जाते आहेस ना, मग संमतीपत्र सावकाश वाच. मानधन किती, मधेच उठलं तर मिळतं का, रेकॉर्डिंग कोण बघणार, हे सही करण्याआधी विचार. मी घाईत सही केली आणि नाशिकरोडहून रिक्षाचे पैसेही पदरचे गेले.

हुशारी दाखवायला मात्र जाऊ नकोस. २०१० साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात ६९९ माणसं २ ते ५ जणांच्या गटांत बसवली होती. सगळ्यात हुशार माणूस कोण, यावर गटाचं यश फारसं ठरलं नाही. जिथे सगळ्यांना बोलायला मिळालं, समोरच्याचा चेहरा वाचता आला, ते गट सरस ठरले. आमच्या गटातल्या एक काकू नुसती पेन्सिल फिरवत गप्प बसल्या होत्या. “काकू, तुम्हाला काय वाटतं?” म्हटलं, तर कोडं त्यांनी केव्हाच सोडवलेलं! तूही विचारत जा.