चिप नखाएवढी, मग डबी एवढी महाग का?

प्रश्न : फायबर नेटवर्कसाठी एका चिपवर चार-आठ लेझर बसवतात म्हणे. मग खर्च चिपपेक्षा तिच्या डबीवरच (म्हणजे चिप आणि फायबर बसवायच्या पॅकेजवर) जास्त का होतो? – एक विद्यार्थिनी, सिडको, नाशिक

उत्तर : कारण खरी मारामारी डबीतच असते, बाई! सातपूरला नोकरीत असताना मी हे जोडकाम केलंय. सिंगल मोड फायबरचा (प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या काचतंतूचा) गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लेझरचा ठिपका त्याहून लहान. जुळणी एका मायक्रॉननं हुकली तरी प्रकाश गळतो. त्यात आठ लेझर एका रांगेत, बहुधा २५० मायक्रॉनच्या अंतरानं. एक बरोबर बसला म्हणून बाकीचे बसतीलच असं नाही. एकदा सगळं जुळवून चहाला गेलो. परत येतो तर गोंद सुकताना आकसला, फायबर सरकलेला. सकाळ वाया.

चिप बसवायचा डाग (जोड देणारा मिश्रधातू) सोन्याचाच बरं का : ८० टक्के सोनं, २० टक्के कथील, वितळतो २८० अंशांना. पण सराफ बाजारातल्यासारखा टाकणखार इथे चालत नाही; त्याची राख लेझरच्या तोंडावर बसली की चिप गेलीच समजा.

शिवाय उष्णता. एका अंशानं तापमान चढलं की तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटरनं सरकते, आणि शेजारी लेझर एकमेकांना तापवतात ते वेगळंच. म्हणून खाली पेल्टियर कूलर, म्हणजे विजेवर उष्णता ओढून घेणारी चकती. आणि चिपखाली तांबं नाही, ॲल्युमिनियम नायट्राइड नावाचं सिरॅमिक : ते चिपइतकंच प्रसरण पावतं. तांबं तिप्पटीहून जास्त फुगतं, चिपला तडे जातात.