कंदिलाचा सांगाडा, आईच्या साड्या आणि मुलांचे हात

श्रावण लागला की घरच्या हस्तकामांविषयीची पत्रे वाढतात आणि दिवाळीपर्यंत ती येतच राहतात. या अंकासाठी निवडलेल्या पत्रांपैकी पहिल्याला मुद्दाम सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातली अडचण अनेक घरांत दरवर्षी येते.

प्रश्न : आम्ही चाळीत दोन खोल्यांत राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि मुलगी सहा वर्षांची. गेल्या दिवाळीत आम्ही बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील घरी केला. पण गॅलरीत टांगल्यावर तो पिळवटून तिरका झाला आणि कागदाला सुरकुत्या पडल्या. मध्येच पावसाची एक सर आली, तेव्हा लाल कागदाचा रंग उतरून भिंतीवर ओघळला. यंदा काय बदलावे? (एक वाचक, परळ)

उत्तर : सुरकुत्या कागदाला पडल्या असल्या तरी मूळ दोष सांगाड्यात आहे, आणि तो दूर करणे अवघड नाही. चार कामट्यांची टोके बांधून केलेला चौरस कितीही घट्ट बांधला, तरी कोपऱ्यावर दाब आला की तो कलतो आणि त्याचा तिरका समभुज चौकोन होतो. तीन कामट्यांचा त्रिकोण मात्र असा कलू शकत नाही. घरी करता येण्यासारखा सर्वांत सोपा पारंपरिक कंदील सहा चौरस आणि आठ त्रिकोण यांचा असतो, व त्याला सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात. त्यातले चौरस आतून मोकळे राहिले, तर संपूर्ण सांगाडा स्वतःभोवती वळत मिटू लागतो. तुमच्या कंदिलाचे तेच झाले असावे.

यंदा २० सेंटिमीटरच्या २४ कामट्या घ्या. बुरूडाच्या दुकानात बांबू चिरून मिळतो. मात्र कामट्यांचे कुसळ काचकागदाने काढल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका. आधी चार चौरस बांधा आणि प्रत्येकाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरा ताणून फुली घाला. दोन्ही कर्ण पट्टीने मोजण्याचे काम मुलाकडे सोपवा. ते सारखे, म्हणजे २८ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त भरले की चौरस काटकोनात आहे असे समजावे. नंतर हे चारही चौरस टोकावर उभे करून त्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा. वरची चार टोके चार कामट्यांनी जोडली की वरचा चौरस तयार होतो आणि खालची चार टोके जोडली की खालचा. खालच्या चौरसालाही दोऱ्याची फुली हवी. वरच्या चौरसात दोऱ्याऐवजी साधारण ३० सेंटिमीटरची कामटी तिरकी बांधावी, म्हणजे सांगाडा ताठ राहतो आणि दिव्याचा होल्डर टांगायला जागाही मिळते. हा चौरस कागदाने झाकू नये, उष्णता तिथूनच बाहेर जाते.

कागद चिकटवण्यासाठी घरची खळ उत्तम. दोन मोठे चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक झाक येईपर्यंत शिजवावा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत असत. ते विषारी आहे. घरात लहान मुले असताना ते मुळीच वापरू नका. त्याऐवजी त्या दिवशी लागेल तेवढीच खळ करा. प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त कागद ठेवावा आणि खळ फक्त त्या काठाला लावून तो कामटीवरून आत दुमडावा. संपूर्ण कागद खळीने ओला झाला की तो सैल पडतो, आणि दमट हवेत सुकेपर्यंत फाटतोही.

आता रंगाविषयी. पतंगी कागदाचा रंग पाण्यात उतरतो आणि त्यावर घरगुती उपाय नाही. परतीचा पाऊस मुंबईला दिवाळीच्या तोंडावरही गाठू शकतो, त्यामुळे कंदील छपराच्या आत टांगणे हेच खरे. गॅलरीत पाऊस थेट येत असेल, तर मोठ्या भागांना पांढरा बटर पेपर लावा आणि पतंगी कागद फक्त झिरमिळ्यांना व करंज्यांना, म्हणजे करंजीच्या आकाराच्या कागदी नक्षीला, वापरा. दिवा पाच वॉटचा किंवा त्याहून लहान एलईडी असावा. वायर व होल्डर मोठ्यांनीच जोडावेत.

झिरमिळ्या आणि करंज्या तुमच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हाती सोपवा. बोथट टोकांच्या कात्रीने तिला त्या कापता येतील. पट्ट्या कमीजास्त रुंदीच्या झाल्या तर तशाच लावाव्यात, त्या नंतर गुपचूप बदलू नयेत. आपण कापलेली शेपटी कंदिलाला लागली नाही हे मुलांच्या ध्यानात येते आणि पुढच्या वर्षी ती बोलावूनही कामाला येत नाहीत. दिवाळीच्या आधी वेळ काढून दोघांना माहीमच्या कंदील गल्लीतही न्या. तिथे टांगलेले नाना आकारांचे कंदील खालून पाहताना कोणता सांगाडा कसा जोडला आहे, हे मुलाला नेमके दिसेल.

प्रश्न : घरच्या गणपतीसाठी आम्ही थर्माकोलचे मखर करत असू. आता त्याऐवजी काय वापरावे? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तिची खंत करण्याचे कारण नाही. फ्रिज किंवा धुलाई यंत्राच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा मखराला पुरेसा भक्कम असतो. त्याचे भाग एकमेकांना चिकटवण्याऐवजी खाचा पाडून एकमेकांत बसवा, म्हणजे विसर्जनानंतर मखर सपाट करून माळ्यावर ठेवता येते. आतल्या नाल्या उभ्या राहतील अशा बेताने पुठ्ठा कापा. आडव्या नाल्यांचा खांब वरच्या भाराने वाकतो. वरून जुन्या रेशमी साडीचा काठ लावला की वेगळ्या रंगकामाची गरज उरत नाही.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीसाठी मी हस्तकलेचे तयार संच आणतो. ती उत्साहाने खोके उघडते, पण काम अर्धे टाकून देते. तिला चिकाटी नाही असे समजावे का? (एक वडील, बोरिवली)

उत्तर : असे समजू नका. तयार संचात वस्तू कशी दिसणार हे खोक्यावरच्या चित्राने आधीच ठरवलेले असते, आणि मुलीकडे उरते ते क्रमांकाप्रमाणे चिकटवणे. शिवाय पूर्ण झालेल्या वस्तूचा घरात काही उपयोगही नसतो. अशा कामाचा मोठ्यांनाही कंटाळा येईल. माझे आग्रहाचे सांगणे असे की, घरात ज्या वस्तूची वाट पाहिली जात आहे ती तिला करायला द्यावी.

घरातल्या पाककृतींची वही हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मागच्या वर्षीच्या शाळेच्या वह्यांतून कोरे जोडकागद काढा आणि आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. घडीवर तीन भोके टोचून द्या : एक मध्ये, एक वर आणि एक खाली. ओवलेली सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढावी आणि वरच्या भोकातून आत घ्यावी. मग आतल्या बाजूने थेट खालच्या भोकापर्यंत जाऊन तिथून बाहेर काढावी व पुन्हा मधल्या भोकातून आत आणावी. दोऱ्याची दोन्ही टोके आता आत आहेत; आतल्या लांब दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टोक घेऊन त्यावर गाठ मारा. बत्तीस पानांची वही तयार झाली. तिच्यात आजीच्या भरल्या वांग्यांचे प्रमाण विचारून उतरवून घेणे हे पुढचे काम, आणि ते मुलीनेच करावे.

प्रश्न : आईच्या सुती साड्या जपून ठेवल्या आहेत. तेरा आणि पंधरा वर्षांच्या मुलांसह त्यांची गोधडी शिवावी असे मनात आहे. पण घर लहान आहे आणि शिवणयंत्र नाही. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : यंत्र नाही तेच बरे. सुती थर यंत्राखाली सरकतात, आणि एका वेळी यंत्रावर एकच जण बसतो. हाताने शिवताना मात्र तिघे तीन बाजूंना बसू शकतात.

साड्या एकदा धुऊन उन्हात कडक वाळवा आणि प्रत्येक साडी दोन्ही हातांनी ताणून पाहा. विरलेला भाग आतल्या थरासाठी ठेवा. जरीचे काठ आधीच उसवून घ्या, ते अंगाला टोचतात. साडेपाच मीटरची साडी लांबीत तिपदरी केली की सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीची, साडीच्या पन्ह्याएवढ्या रुंदीची तीन थरांची घडी मिळते. मुंबईच्या हवेला एका माणसासाठी एवढी गोधडी पुरते. साड्या अधिक असतील तर एकच जाड गोधडी करण्यापेक्षा प्रत्येक मुलासाठी एक पातळ गोधडी करावी, असे मला वाटते. जाड गोधडी इथे बहुतेक वर्षभर कपाटातच राहते आणि पावसाळ्यात तिला वास येतो.

जागेची अडचण एकदाच येते, ती थर पसरून कच्चे टाके घालताना. त्यासाठी इमारतीची गच्ची किंवा एखादी रिकामी दुपार गाठून बैठकीची खोली मोकळी करा. थर सपाट पसरून मधून बाहेरच्या दिशेने हात फिरवत सुरकुत्या काढाव्यात आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. त्यानंतर मांडीवर घेऊन शिवता येते. कडेपासून दोन बोटांच्या अंतराने धावदोरा घालत चहूबाजूंनी आत आत जावे; अशाने थर एकमेकांवर सरकत नाहीत. मुलांचे टाके सुरुवातीला लांब आणि वाकडे पडतील. ते उसवू नका. त्या गोधडीत कोणाचा हात कुठे आहे ते टाक्यांवरूनच ओळखू येणार आहे, आणि आईच्या साड्या जपून ठेवण्यामागे तुमच्या मनात जे होते त्यात हेही बसते, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मुलाला शाळेसाठी मातीच्या कुंडीवर वारली चित्र काढायचे आहे. मागच्या वेळी रोपाला पाणी घालू लागल्यावर रंग पोपडे धरून निघाला. चित्रात तारपा नाचाखेरीज आणखी काय काढता येईल? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : भाजलेली माती सच्छिद्र असते. कुंडीतले पाणी आतून बाहेर झिरपते आणि रंगाला मागून ढकलते. म्हणून चित्राच्या कुंडीत थेट माती भरू नका. तिच्या आत बसेल अशा लहान प्लास्टिकच्या कुंडीत रोप लावून ती आत ठेवा. गेरूच्या रंगाचा आणि पांढरा, दोन्ही ॲक्रिलिक असावेत.

मूळ वारली चित्र शेणामातीने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढले जाते. लग्नाच्या वेळी सवाष्णी चौक, म्हणजे चौकोनी पूजाचित्र, लिहितात आणि त्यात पालघाट देवी असते. हा चौक पूजेचा आहे, तो कुंडीच्या सजावटीसाठी उचलू नये असे माझे मत आहे. बाकीचे जग मात्र मोकळे आहे. या चित्रांना भिंतीवरून कागदावर आणणाऱ्यांत अग्रणी असलेले डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी मासेमारीचे प्रचंड जाळे बारीक रेषांनी विणावे तसे रेखाटले आहे. मुलाला ते चित्र दाखवा. मग टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची माणसे घेऊन त्याने स्वतः पाहिलेले काहीतरी काढावे : स्टेशनच्या पुलावरची गर्दी, मासळी घेऊन बसलेल्या कोळिणी, इमारतीखालचे क्रिकेट. तुमच्यापासून जवळच आरेच्या पाड्यांत वारली कुटुंबे राहतात, हेही त्याला सांगा. ही माणसे आपल्याच शहरात राहतात, हे त्याला चित्र काढण्याआधी माहीत असावे.

प्रश्न : नातवाबरोबर वर्तमानपत्राच्या लगद्याच्या वाट्या केल्या. पावसाळ्यात त्या आठवडाभर ओल्याच राहिल्या आणि त्यांवर बुरशी आली. (एक आजोबा, गिरगाव)

उत्तर : लगद्याचा जाड थर जुलै-ऑगस्टच्या हवेत आतपर्यंत वाळत नाही. जुन्या बायका कागद भिजवून, कुटून, त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालत आणि टोपल्या थापत, पण ते काम उन्हाळ्याचे असे. तुम्हीही लगदा एप्रिल-मेसाठी राखून ठेवा. पावसाळ्यात पट्ट्यांची पद्धत वापरावी : स्टीलच्या वाटीला बाहेरून तेलाचा हात लावून ती पालथी घाला आणि दोन बोटे रुंद कागदाच्या पट्ट्या पातळ खळीत बुडवून, निथळून तिच्यावर लावा. एका वेळी दोनच थर द्यावेत आणि पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय पुढचे देऊ नयेत. असे सहा ते आठ थर पुरे होतात. वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागू नये, म्हणून या वाट्या बटणे, सुया आणि नातवाच्या रंगखडूंसाठीच ठेवाव्यात.