चौदा बेअरिंगच्या नादी लागू नका

प्रश्न : देवगडला खडपावरून आणि खाडीत गरवतो, म्हणजे गळाने मासे धरतो. तांबोशी मिळते, कधी जिताडाही लागतो. गेल्या वर्षी '१४ बेअरिंग' छापलेलं हजार रुपयांचं रीळ घेतलं. आता हँडल उलटं फिरतं आणि दोरी मध्येच तुटते. तीन हजारांच्या आत टिकणारं रीळ कसं निवडावं?

उत्तर : खोक्यावरचा बेअरिंगचा आकडा आधी बाजूला ठेवा. खाऱ्या पाण्यात हलकी बेअरिंगं गंजतातच, मग ती चौदा असोत की चार. तीन-चार बरी असली की भागतं.

तुमची दोरी बहुधा लाइन रोलरवर तुटतेय. बेलच्या (दोरी गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाला करंगळीच्या नखाएवढी चकती असते, तोच हा रोलर; दोरी तिच्यावरून वळून स्पूलवर, म्हणजे दोरी साठते त्या फिरकीवर, जाते. मिठाने ती जाम झाली की दोरी एकाच जागी घासते, तिथे बारीक खाच पडते आणि पुढे तीच खाच दोरी कापत राहते. चकतीवर नख फिरवा, खाच नखाला लागेल. नवं रीळ घेताना दुकानातच दोरीचा तुकडा रोलरवरून ताणून ओढा. चकती फिरली नाही, तर ते रीळ नकोच.

हँडल उलटं फिरतं ते रोटरखालचा (बेल बसवलेल्या फिरत्या भागाखालचा) अँटी-रिव्हर्स क्लच, म्हणजे हँडल मागे फिरू न देणारा भाग, बिघडल्यामुळे. त्यातले बारीक रोलर ग्रीसने किंवा मिठाने चिकटले की पकड घेत नाहीत. क्लच आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा, सुकवा आणि पातळ तेलाचा एकच थेंब द्या. ग्रीस अजिबात नको. एवढ्याने जुनं रीळही पुन्हा कामाला येऊ शकतं.

तुमच्या कामाला ४००० साइजचं स्पिनिंग रीळ पुरे. ०.३० मिमीची दीडशे मीटर दोरी त्यात आरामात बसते. शिमानोची एफएक्स आणि सिएना ही सुरुवातीच्या गटातली मॉडेलं. पण नाव बघून पैसे देऊ नका, रीळ हातात घ्या. हँडल अगदी हळू फिरवा, खरखर लागता कामा नये. मग ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरी बेताने सुटू देणारा ब्रेक, अर्धवट आवळून दोरी ओढा. सुटताना हिसका बसला, तर मोठा मासा त्याच हिसक्याला दोरी तोडणार.

स्पूल काठापासून दीड-दोन मिमी खाली राहील इतकंच भरा. जास्त भरलं की वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरलं की फेक आखूड पडते. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई ठेवा : ९ किलो ताण सोसणाऱ्या दोरीला अडीच-तीन किलो, वजनकाट्याला बांधून ओढून बघा.

घरी आल्यावर ड्रॅग आवळा, गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा, पुसून सावलीत सुकवा, मग ड्रॅग सैल करा. बादलीत बुडवू नका आणि जोराची धारही नको. दोन्हींनी मीठ आत जातं.

प्रश्न : रिळात ब्रेड (धागे विणून केलेली दोरी) भरलीय. ड्रॅग कितीही आवळला तरी मासा ओढतो आणि दोरी सुटतच राहते.

उत्तर : ड्रॅग ठीक असणार. ब्रेड गुळगुळीत स्पूलवर घसरून सगळा गुंडाळाच गोल फिरतोय. ती काढा, आधी आठ-दहा मीटर साधी नायलॉन दोरी घट्ट गुंडाळा, तिला ब्रेड जोडा आणि ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणत भरा.