'माळ घातली' आणि 'माळ घालतो'

प्रश्न असा आला आहे: "माझ्या भावानं नेपाळहून रुद्राक्षाची माळ आणली, रोज घालतो. मी गावी फोनवर सहज सांगितलं, 'दादानं माळ घातली.' आजी खूश होऊन म्हणाली, 'बरं झालं बाई, मटण सुटलं त्याचं.' हा घोळ कशामुळे झाला? आणि 'माळ घालणे', 'माळ धारण करणे', 'जपमाळ' यांत फरक काय?"

आजीचं मराठी बिनचूक आहे. घोळ झाला तो मागे 'रुद्राक्षाची' हा शब्द न लागल्यामुळे, आणि थोडासा क्रियापदाच्या काळामुळे.

महाराष्ट्रात कुठलंही विशेषण न लावता नुसतं 'माळ घातली' म्हटलं की ती माळ तुळशीची, आणि घालणारा वारकरी संप्रदायात आला, असाच अर्थ निघतो. तो बाजारातून माळ आणून आपली आपण गळ्यात अडकवत नाही. फडावरच्या (फड म्हणजे वारकऱ्यांचा परंपरेनं चालत आलेला गट) किंवा गावातल्या अधिकारी महाराजांकडून घालून घेतो. माळ आधी ज्ञानेश्वरीवर ठेवायची आणि मग गळ्यात घालायची, अशी रीत आहे. म्हणून बोलताना 'माळ घालून घेतली' किंवा 'माळ घेतली' असंही येतं. माळेबरोबर नियम येतात: मद्यमांस बंद, एकादशीचा उपास, रोजचा हरिपाठ आणि पंढरीची वारी. वारकरी पंथाला 'माळकरी पंथ' असं दुसरं नावही आहे, ते याच माळेवरून. पांडुरंगाच्या स्वतःच्या गळ्यातही तुळशीच. 'तुळसीहार गळां' हे तुकोबांचे शब्द घरोघरी पाठ असतात.

आता काळाचं बघा. 'तो माळ घालतो' यात घड्याळ घालण्याइतकाच अर्थ आहे: सकाळी घालतो, आंघोळीच्या वेळी काढतो. 'त्यानं माळ घातली' म्हणजे एकदाच घडलेली आणि पुढे टिकणारी गोष्ट. 'त्याला माळ आहे' हे तर याहून पक्कं. गावाकडे पंगत बसायच्या आधी 'पाहुण्यांना माळ आहे का हो?' असा प्रश्न आतून येतो तो पाहुण्याच्या गळ्याबद्दल नसतो, चुलीवर कुठलं भांडं चढवायचं याबद्दल असतो. उत्तर 'हो' आलं की पिठलं. 'गळ्यात माळ आहे माझ्या' हे वाक्य शपथेसारखंही वापरतात. त्यापुढे 'खोटं बोलणार नाही' हे म्हणावं लागत नाही. उलट बाजूनं, कोणी पुन्हा पिऊ लागला की 'त्यानं माळ खुंटीला टांगली' हा टोमणा तयारच असतो. आणि नियमांवाचूनच्या देखाव्याला 'टिळेमाळा' म्हणतात, ते वेगळंच.

'माळकरी' या शब्दाचीही गंमत आहे. वारकरी, टाळकरी, विणेकरी या रांगेतला हा शब्द. गळ्यात चार रुद्राक्षमाळा मिरवणाऱ्याला 'माळकरी' म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. ती पदवी तुळशीलाच. बाईला 'माळकरीण' म्हणतात.

म्हणून भावाबद्दल 'दादानं रुद्राक्ष घातलाय' किंवा 'दादा रुद्राक्षाची माळ घालतो' एवढं सांगितलं की काम होतं.

मात्र सगळीकडे तुळसच धरून चालू नका. तुळजापूरकडच्या देवीच्या आराध्यांमध्ये 'माळ-परडी' असते. ती माळ कवड्यांची, आणि तीही देवीची म्हणून रीतसर घेतलेली. अशा घरात 'तिनं माळ घातली' म्हणजे पंढरीची वाट धरली असं नव्हे. मुंबईत राहणाऱ्यांच्या कानावर तिसरा प्रकारही येतो. शबरीमलैला निघणारे अय्यप्पाभक्त 41 दिवसांचं व्रत धरताना तुळशीची किंवा रुद्राक्षाची माळ घालतात, आणि यात्रेहून परतल्यावर ती विधिपूर्वक उतरवतात. त्यांच्याकडे माळेला मुदत आहे. आपल्या माळकऱ्याची माळ जन्माची. गुजरातीत 'कंठी बांधणे' असा शब्दप्रयोग आहे, तो अर्थानं आपल्या 'माळ घालण्या'च्या अगदी शेजारी बसतो. तिथेही वैष्णव संप्रदाय, तिथेही बहुधा तुळसच.

'धारण करणे'. हे क्रियापद पोथीतलं, आणि आता जाहिरातींतलं. 'पंचमुखी रुद्राक्ष सोमवारी धारण करावा' असं ज्योतिषी लिहितो. घरी कोणी 'मी माळ धारण करून येतो' म्हणत नाही, म्हटलं तर हशा पिकेल. विधी, शास्त्र, फलश्रुती असा बाज असला की 'धारण' शोभतं, एरवी 'घालणे' पुरे. लिंगायतांमध्ये मात्र हा शब्द जिवंत आहे. त्यांच्याकडे 'लिंगधारणा' हा संस्कारच आहे, आणि रुद्राक्ष हे त्यांच्या अष्टावरणांपैकी एक: गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष आणि मंत्र. त्यामुळे 'रुद्राक्ष म्हणजे हौस आणि तुळस म्हणजे व्रत' अशी सरळ वाटणी करू नये. (जाता जाता: पाच मुखांचा रुद्राक्ष हाच सगळ्यात जास्त मिळणारा. एकमुखीच्या नावानं जे विकलं जातं त्यावर भाषाप्रेमीनं बोलू नये, पण गिऱ्हाइकानं जरूर विचार करावा.)

जपमाळेचा मामला वेगळा. ती गळ्यासाठी नसून हातासाठी असते. बारकाईनं पाहिलंत तर जपमाळेत दोन मण्यांमध्ये गाठ दिसेल. गाठीमुळे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि डोळे मिटलेले असले तरी बोटाला पुढचा मणी नेमका लागतो. 108 मणी, आणि वर एक मोठा, बहुतेकदा गोंड्यासकट: तो मेरुमणी. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. मणी अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं ओढतात, तर्जनी लावत नाहीत. जप दिसू नये म्हणून हात ज्या पिशवीत घालतात ती गोमुखी. हातात मावणारी लहान माळ ती स्मरणी. जपाची माळ गळ्यात घालू नये आणि गळ्यातली जपाला घेऊ नये असं पुष्कळ ठिकाणी सांगतात, पण प्रवासात एकाच माळेवर दोन्ही भागवणारे श्रद्धाळूही कमी नाहीत. इथे आपापल्या गुरूंचं ऐकावं.

या माळेची क्रियापदं गळ्यातल्या माळेला लागत नाहीत. जपमाळ 'ओढतात', 'फिरवतात', 'जपतात'. आणि इथे 'माळ' हे मोजमापही होतं. 'रोज अकरा माळा करतो' म्हणजे अकरा वेळा 108. हिशेबात मात्र एक माळ शंभराचीच धरतात. वरचे आठ चुकलेल्या, अडखळलेल्या नामांसाठी सोडून द्यायचे. 108 का, याला सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण वगैरे उत्तरं आहेत. मला त्याहून 'अक्षमाला' या जुन्या शब्दाची फोड आवडते. अक्षमालिका उपनिषदात माळेचे मणी म्हणजे 'अ'पासून 'क्ष'पर्यंतची अक्षरं मानली आहेत. म्हणजे माळ ओढणारा वर्णमालाच ओढत असतो. आपण मुळाक्षरांना 'माला' म्हणतो, ते उगाच नव्हे.

'जपमाळ' आणि 'जपाकुसुम' यांची गल्लत मात्र नको. नवग्रहस्तोत्रात सूर्याला 'जपाकुसुमसंकाशं' म्हटलंय, तिथला 'जपा' म्हणजे जास्वंद. जपाशी त्याचा संबंध नाही.

मोजमापावरून आठवलं. नवरात्रात घटावर रोज फुलांची एक माळ बांधतात, म्हणून आपल्याकडे दिवसच माळेनं मोजतात: 'आज पाचवी माळ', 'सातव्या माळेला ओटी भरायची आहे'. इतर भाषिक मित्रांना हे समजावताना माझी दर वर्षी तारांबळ उडते.

वर्तमानपत्रांतली 'अध्यक्षपदाची माळ त्यांच्या गळ्यात पडली' ही माळ स्वयंवरातली. ती दुसरा कोणीतरी घालतो, म्हणून क्रियापद 'पडणे'. 'अध्यक्षपदाची माळ त्यांनी घातली' असं कुणी लिहिलंच, तर तो उपहास समजावा.

शेवटचं व्याकरण. ती माळ – माळा, माळेचा, माळेवर. तो माळ म्हणजे उघडं रान – माळाचा, माळावर. 'माळावर मणी सापडला' आणि 'माळेवर मणी सापडला' यांत एका काना-मात्रेचं अंतर आहे. म्हणूनच म्हणीतही 'एकाच माळेचे मणी'. 'माळाचे मणी' लिहिलेलं अलीकडे दोनदा वाचनात आलं, ते चूक.