नवीन बॅटरी टाकूनही सेल्फ उचलत नाही, नुसता टक आवाज येतो. सेल्फ मोटर बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी आठ वर्षांची, पेट्रोलवरची, बॅटरी महिन्याभरापूर्वीची ३५ एएचची. पावसाळ्यापासून चावी फिरवली की टक आवाज येतो, तिसऱ्या-चौथ्या वेळी गाडी सुरू होते, आणि गॅरेजवाले सेल्फ बदला म्हणतात. कृपया इतक्यात बदलू नका. कधी चालणारा आणि कधी न चालणारा सेल्फ बरेचदा चांगलाच असतो, त्याच्यापर्यंत करंट पोचत नसतो.

आधी हेडलाइट लावून चावी फिरवा. टक झाल्यावर दिवे पार विझत आले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टर्मिनल ढिली आहेत. दिवे जवळजवळ तसेच राहिले तर सेल्फच्या वाटेवर अडथळा आहे, आणि माझा पहिला संशय इंजिनच्या अर्थिंगवर, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत जाण्याच्या वाटेवर जातो.

ही अर्थिंगची जाड वायर बॅटरीच्या मायनसवरून गिअरबॉक्सच्या बोल्टवर येते. काही गाड्यांत ती बॉडीवर येते आणि तिथून इंजिनला तांब्याची विणलेली पट्टी जाते. चिखलपाणी नेमकं तिथेच उडतं. लग, म्हणजे वायरच्या टोकाची बोल्टखाली बसणारी धातूची कडी, वरून ठीक दिसतो, पण त्याखाली गंज आणि वायरच्या तोंडाशी हिरवी भुकटी असते. छोट्या इंजिनाचा सेल्फ सुमारे १०० अँपिअर खेचतो. जोडात ०.०१ ओहम रोध आला तरी तिथेच १ व्होल्ट खर्ची पडतो. साधा मल्टिमीटर इतका बारीक रोध दाखवतच नाही, कंटिन्युइटीचा (वायर अखंड असल्याचा) बीपही वाजतो, म्हणून ‘वायर चांगली आहे’ असा निष्कर्ष निघतो. जोडात किती व्होल्ट खर्ची पडतात ते सेल्फ मारत असतानाच मोजायला हवं.

गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि बॅटरी मोजा: १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. १२.२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे फसवतील. आता मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर टेकवा, त्याला धरणाऱ्या क्लॅम्पवर नव्हे. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या कुणाला तरी ४-५ सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत आकडा आला तर ठीक, ०.५च्या वर गेला तर चोर सापडला. मग लाल पिन क्लॅम्पवर, वायरच्या लगवर, बोल्टवर अशी टप्प्याटप्प्याने सरकवा. जिथे आकडा उडी मारतो तो जोड खराब. दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबा, सेल्फ तापतो.

मीटर नसेल तर जंपर केबलची एक वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनच्या धातूला लावा. सेल्फ लगेच उचलला तर अर्थिंगच खराब. अशी गाडी तशीच चालवत राहू नका. करंट दुसरी वाट शोधतो, आणि क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल तापून जळाल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये दिसतात.

दुरुस्ती करताना बॅटरीचा मायनस आधी काढा आणि शेवटी लावा. बोल्ट काढून लग आणि बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, रंगसुद्धा काढा. घट्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. वायर आतून हिरवी पडली असेल तर घासण्यात वेळ घालवू नका, २५ चौरस मिमीची नवीन तांब्याची वायर दाबून बसवलेल्या लगसह टाका. टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा; ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

अर्थिंग नीट निघालं तर तसंच प्लसचं मोजा: बॅटरीच्या प्लसच्या खांबापासून सेल्फच्या मोठ्या नटापर्यंत, ०.५ व्होल्टच्या आत. त्या नटावर फ्यूजशिवाय थेट करंट असतो, पाना तिथे आणि बॉडीला एकदम लागला तर मोठी ठिणगी उडते. शेवटी सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फवरच्या, चावीने चालणाऱ्या मोठ्या स्विचची, बारीक वायर पाहा. चावी फिरवल्यावर तिच्यावर १० व्होल्टच्या आसपास यायला हवेत. ७-८ येत असतील तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा रिलेत.

हे सगळं ठीक असून सेल्फ गप्प असेल तरच तो उतरवा. तेव्हाही वायरमनला आधी कार्बन (मोटरमधले ब्रश) आणि सोलेनॉइडचे तांब्याचे पॉइंट बघायला सांगा, बहुतेकदा तेवढं बदलून भागतं. मोजलेले आकडे कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.